गुंडाळते छत आणि त्याचा ताण

वैशाखातील दुपार. इंदूरच्या अथवा बडोद्याच्या बाजारपेठेतील एखाद्या पश्चिमाभिमुख दुकानावर तीनच्या सुमारास ऊन उतरू लागते. दुकानदार कोपऱ्यात ठेवलेली लांब लोखंडी काठी उचलतो, तिचा आकडा वरच्या कडीत अडकवितो आणि जाते फिरवावे तशी ती फिरवू लागतो. दुकानाच्या कपाळावर आडवे निजलेले पट्ट्यापट्ट्यांचे कापड हळूहळू पुढे सरकते. दोन्ही बाजूंचे धातूचे बाहू कोपरातून उलगडत जातात आणि पाहता पाहता उंबरठ्यापुढे तीन मीटर सावली पडते. संध्याकाळी तीच काठी उलट फिरविली की सारे छत पुन्हा आपल्या जागी जाऊन बसते. इंग्रजीतून आलेला ‘ऑनिंग’ हा शब्द आता आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी रुळला आहे. पण ‘गुंडाळते छत’ असे म्हटले तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतोच.

श्रोतेहो, हा देखावा इतका साधा आहे की त्यातील नवल सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. छताच्या पुढच्या दांडीला खालून खांब नाही, वरून दोरी नाही. मग ते कापड ढोलाच्या कातड्यासारखे ताठ राहते कसे? त्याला पुढे कोण ढकलतो आणि मागे कोण ओढतो? आणि कापड गुंडाळून झाल्यावर तो ढकलणारा व तो ओढणारा जातात कोठे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळेच अशा छतांपाशी अपघात होतात. शिडीवर चढून ‘एवढा एक बोल्ट सैल करून पाहू’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या हातावर वा चेहऱ्यावर एखादा बाहू आदळतो. म्हणून या छताची रचना समजून घेणे ही केवळ कुतूहलाची गोष्ट नव्हे.

हवे तेव्हा पसरावे आणि नको तेव्हा गुंडाळावे, अशा छताची कल्पना फार जुनी आहे. रोममध्ये इ. स. पूर्व ६९ मध्ये क्विन्टस कॅटुलस याने कॅपिटॉलच्या मंदिराच्या अर्पणसमारंभात प्रेक्षकांवर प्रथम तागाच्या कापडाचे छत धरले, अशी नोंद प्लिनी या ग्रंथकाराने केली आहे. पुढे ही प्रथा इतकी लोकप्रिय झाली की पॉम्पेई नगरातील खेळांच्या जाहिराती भिंतींवर रंगवीत, त्यांत ‘छताची सोय आहे’ असे मुद्दाम लिहिलेले आढळते. इ. स. ८० मध्ये उघडलेल्या कोलोसियमच्या माथ्यावर डोलकाठ्या उभारण्यासाठी २४० दगडी आधार बसविलेले होते. त्या डोलकाठ्यांच्या आधारे प्रेक्षकांवर कापड ताणले जाई. हे काम गवंड्यांकडे किंवा सुतारांकडे नव्हते. ते मिसेनमच्या आरमारातील खलाशांकडे होते आणि त्यांच्यासाठी कोलोसियमजवळच बराक बांधलेली होती. डोक्यावर पसरलेले मोठे कापड म्हणजे वस्तुतः एक शीडच होय, आणि शीड सांभाळणे हे दर्यावर्दी माणसाचेच काम, हे रोमन लोकांनी अचूक ओळखले होते. मार्शल या कवीच्या लेखनात, दक्षिणेचा वारा सुटल्यामुळे पॉम्पीच्या नाट्यगृहावर छत पसरता आले नाही, असा उल्लेख येतो. वारा सुटला की छत नाही, हा नियम एकोणीसशे वर्षांपूर्वीही पाळला जात होता.

रोमच्या छताला शेकडो हात लागत. तेच काम एका माणसाच्या हातात आले ते रूळ, स्प्रिंग आणि दंतचक्र या तीन गोष्टींच्या संयोगामुळे. अमेरिकेतील स्ट्युअर्ट हार्टशॉर्न याला खिडकीच्या पडद्यासाठी स्प्रिंग बसविलेल्या रुळाचे पेटंट १८६४ मध्ये मिळाले. पडदा खाली ओढला की आतली स्प्रिंग पिळली जाते आणि सोडला की तीच स्प्रिंग पडदा वर गुंडाळते. कापडाला सतत ओढून धरणारी शक्ती रुळाच्या पोटात लपवून ठेवता येते, ही त्यातील मूळ कल्पना. दुकानाच्या आजच्या छतात तीच कल्पना निराळ्या रीतीने वापरलेली दिसते. तेथे स्प्रिंग रुळात नसते, ती बाहूंत असते, आणि तिचे काम कापड गुंडाळण्याचे नसून ते पुढे ढकलण्याचे असते.

ही रचना जरा जवळून पाहू या. भिंतीवर लोखंडी ब्रॅकेट पक्के केलेले असतात. त्यांच्या आधाराने एक पोकळ, लांब रूळ आडवा बसविलेला असतो. कापडाची मागची कड या रुळाच्या खोबणीत आणि पुढची कड पुढच्या दांडीच्या खोबणीत अडकविलेली असते. भिंत आणि पुढची दांडी यांच्यामध्ये दोन बाहू असतात. माणसाच्या हाताप्रमाणेच या बाहूला खांदा आहे, कोपर आहे, दंड आणि मनगटापर्यंतचा भागही आहे. त्याच्या पोकळ भागात एक मजबूत स्प्रिंग ताणून बसविलेली असते आणि तिच्या टोकाची पोलादी तार, साखळी किंवा पट्टा कोपरावरून वळवून पुढच्या भागाला जोडलेला असतो. स्प्रिंग आखडू पाहते, तार ओढली जाते आणि बाहू सरळ होऊ पाहतो. असे दोन बाहू पुढच्या दांडीला अहोरात्र बाहेर ढकलीत असतात.

त्यांना आवरून कोण धरतो? कापड. रुळावर गुंडाळलेले कापड पुढच्या दांडीला मागे खेचून धरते, म्हणूनच बाहू मिटलेले राहतात. आणि रुळाला कोण धरतो? त्याच्या टोकाशी असलेली मळसूत्राची आणि दंतचक्राची जोडी. मळसूत्राचा एक वेढा फिरला की चक्राचा एकच दाता पुढे सरकतो. त्यामुळे काठी फिरविणाऱ्याला श्रम थोडे पडतात, फेरे मात्र पुष्कळ द्यावे लागतात. या जोडीचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. मळसूत्र चक्राला फिरवू शकते, पण चक्र मळसूत्राला फिरवू शकत नाही, कारण त्याचा उतार इतका अल्प ठेवलेला असतो की घर्षणच त्याला रोखून धरते. विहिरीच्या रहाटाचा दांडा हातातून सुटला तर पोहरा धाडकन खाली जातो. येथे काठी मध्येच सोडली तरी छत जेथल्या तेथे थांबते. विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या छतात हे रोखून धरण्याचे काम मोटारीतील ब्रेक करतो, आणि छत दोन्ही टोकांशी आपोआप थांबावे म्हणून तेथे मर्यादेचे खटके बसविलेले असतात.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. दुकानदार काठी फिरवून छत उघडतो तेव्हा तो त्याला पुढे ढकलीत नसतो. तो रुळावरचे कापड सैल सोडीत असतो, आणि तेवढी मोकळीक मिळताच बाहू आपल्या जोराने पुढे जातात. उलट, छत बंद करताना रूळ कापडाला ओढतो, कापड दांडीला ओढते, बाहू मिटतात आणि त्यांच्या पोटातली स्प्रिंग अधिकाधिक ताणली जाते. याचा अर्थ असा की, छत पूर्ण उघडलेले असते तेव्हा स्प्रिंगमध्ये साठलेला जोर सर्वांत कमी असतो, आणि छत बंद असते तेव्हा तो सर्वांत अधिक असतो.

ही गोष्ट पाहणाऱ्याच्या सहज समजुतीच्या अगदी उलट आहे. उघडलेले छत पाहिले की ते ताणलेले वाटते आणि मिटलेले छत पाहिले की ते विसावले आहे असे वाटते. कामकरी माणूस दिवसभराच्या श्रमानंतर अंग टाकतो, तसे हे मिटलेले छत नव्हे. ओढून धरलेल्या धनुष्याशी त्याची तुलना अधिक बरोबर होईल. नेम धरून उभ्या राहिलेल्या धनुर्धराप्रमाणे ते निश्चल दिसते, पण त्या निश्चलतेत सारा जोर भरलेला असतो आणि तो केवळ एका कापडाच्या बळावर आवरलेला असतो.

दुरुस्तीच्या वेळचा धोका येथेच आहे. एखादे जुने कापड रुळापाशी विरते, ते बदलावयाचे ठरते. छत बंद आहे, म्हणजे आता काही भीती नाही, असे समजून कोणी कापडाची कड खोबणीतून काढू लागला किंवा पुढच्या दांडीपासून बाहू सोडवू लागला, तर आवरून धरणारे कापड बाजूला होते आणि दोन्ही बाहू क्षणार्धात उसळून सरळ होतात. समोर शिडीवर माणूस असला तर काय होईल हे सांगावयास नको. म्हणून जाणता कारागीर कापडाला हात लावण्यापूर्वी मिटलेले बाहू दणकट पट्ट्यांनी करकचून बांधून घेतो. तो बांधलेला बाहू एकट्याने उतरवीत नाही, त्याच्या समोर उभा राहत नाही आणि बाहूच्या आतील स्प्रिंग तर कधीच उघडीत नाही. स्प्रिंग बिघडली असेल तर सबंध बाहूच बदलावा. विजेची मोटार असल्यास प्रथम विजेचा प्रवाह बंद करावा, हे तर उघडच आहे.

प्रवासी मोटारगाड्यांच्या बाजूला लावतात त्या छतात रचना निराळी असते. तेथे रूळ भिंतीशी नसून पुढच्या टोकाला असतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांत पिळलेल्या स्प्रिंगा असतात. त्या कापडाला सतत गुंडाळू पाहतात. अशा रुळाच्या टोकाची टोपी काढावयाची असेल तर आधी ठरलेल्या छिद्रातून खीळ घालून रूळ फिरण्यापासून अडवावा लागतो. खीळ न घालता टोपी सैल केली तर ती भोवऱ्यासारखी गरगर फिरते आणि बोटे जायबंदी करते. दोन्ही रचनांचा नियम एकच आहे. कोणताही भाग सोडविण्यापूर्वी, तो भाग कोणता जोर धरून बसला आहे हे विचारावे, आणि तो जोर धरावयास दुसरे काहीतरी आधी लावावे.

आता उघडलेल्या छताच्या ताणाचा विचार करू. कापड किती ताणलेले असावे? जितके अधिक तितके चांगले, असे उत्तर सुचते, पण ते खरे नाही. घरोघरी कपडे वाळत घालण्याची दोरी असते, तिचे उदाहरण घेता येईल. तीन मीटर लांबीच्या दोरीच्या मध्यावर दहा किलो वजनाचे ओले धोतर टांगले आणि दोरीला ३० सेंटिमीटर झोळ पडू दिला, तर दोरीवर सुमारे २५ किलोचा ताण येतो. दोरी घट्ट करून झोळ १५ सेंटिमीटरवर आणला तर ताण ५० किलो होतो, आणि केवळ ५ सेंटिमीटर झोळ ठेवण्याचा हट्ट धरला तर तो दीडशे किलोपर्यंत जातो. वजन तेच दहा किलो, तरी दोरी सरळ ठेवण्याच्या हौसेपायी भिंतीतील खिळे उपटून येतात. कापडाचेही तसेच आहे. त्याला जरासा झोळ हा असावयाचाच. नव्या कापडाच्या शिवणीपाशी किंचित लाटा दिसतात, त्या पाहून बाहूंचा जोर वाढवावयास सांगणे व्यर्थ असते.

उलट बाजूने, झोळ फार झाला तर दोन संकटे उभी राहतात. सैल कापड वाऱ्यात फडफडते आणि प्रत्येक फडक्यासरशी शिवणीला, खोबणीला व बाहूच्या सांध्यांना हिसका बसतो. दुसरे संकट पाण्याचे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की तेथे एक लिटर, म्हणजे एक किलो पाणी येते. चार मीटर रुंद आणि तीन मीटर पुढे आलेल्या छताचे क्षेत्र बारा चौरस मीटर होते. त्यावर पाच मिलिमीटर पाऊस पडून साचून राहिला, तर साठ किलो भार झाला. शिवाय पाणी साचले की झोळ वाढतो, झोळ वाढला की अधिक पाणी तेथेच धावते आणि या चक्राला अंत राहत नाही. यासाठी छताला उतार लागतो. निदान १४ अंशांचा, म्हणजे दर मीटरला २५ सेंटिमीटर उतार ठेवावा, असे बनविणारे सांगतात. तीन मीटरच्या छताची पुढची दांडी रुळापेक्षा ७५ सेंटिमीटर खाली असली पाहिजे. त्याहून कमी उताराचे छत हे केवळ उन्हासाठी आहे, आणि पावसाचा पहिला थेंब पडताच ते मिटले पाहिजे.

येथे बाहूंची आणखी एक युक्ती सांगण्यासारखी आहे. छत पूर्ण उघडले तरी बाहूचे कोपर अगदी सरळ होत नाही, थोडे वाकलेलेच राहते. ही उणीव नव्हे. बाहू पुरता सरळ झाला असता तर त्याला पुढे जावयास जागाच उरली नसती आणि कापड सैल झाल्यावर त्याने ते ताणले नसते. कोपर किंचित वाकलेले असल्यामुळे स्प्रिंगमध्ये थोडा जोर शिल्लक राहतो, आणि कापड ऊनपावसाने किंचित वाढले तरी तो ते ओढून धरतो. पूर्वीचे सुती किंतान भिजले की आखडे आणि वाळले की सैल पडे. आज बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचे कापड वापरतात. ते तितके आखडत नाही व सहजासहजी कुजत नाही. पण ओलेच गुंडाळून ठेवले तर त्यावरही बुरशीचे डाग पडतात. भिजलेले छत मिटावे लागले तर ऊन पडताच पुन्हा उघडून वाळवावे, हा नियम म्हणूनच सांगितला जातो.

पावसाहूनही कठीण शत्रू म्हणजे वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी १८ किलोमीटर वेगाचा वारा आडव्या धरलेल्या सपाट फळीवर दर चौरस मीटरला सुमारे दीड किलो दाब देतो. वेग ३६ झाला की तो सहा किलो होतो आणि ७२ झाला की पंचवीस किलो. बारा चौरस मीटरच्या पृष्ठभागाला हा हिशेब लावला तर १८ किलोचा भार ७५ वर आणि तेथून ३०० वर जातो. छत तिरपे असल्यामुळे सारा दाब त्यावर येत नाही, हे खरे. पण वारा खालून शिरला तर निराळाच प्रकार होतो. बाहू हे छताला पुढे ढकलण्यासाठी आणि पेलून धरण्यासाठी घडविलेले असतात, वर उचलले जाण्याला अडविण्यासाठी ते नसतात. खालून आलेला झोत कापडाला शिडासारखा फुगवितो, पुढची दांडी वर उचलतो आणि झोत ओसरला की ती दांडी हिसक्यासरशी खाली कोसळते. दोनचार हिसक्यांत सांधा तुटतो किंवा ब्रॅकेट भिंतीतून सुटतो.

युरोपात अशा छतांसाठी ई. एन. १३५६१ या क्रमांकाचे मानक आहे. त्यात वाऱ्याला टिकण्याच्या शक्तीनुसार वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गाचे छत ताशी २८ किलोमीटरपर्यंतच्या, दुसऱ्या वर्गाचे ३८ पर्यंतच्या आणि तिसऱ्या वर्गाचे ४९ पर्यंतच्या वाऱ्यात उघडे ठेवता येते. म्हणजे तिसऱ्या वर्गाचे छतही पन्नाशीच्या वाऱ्यापुढे मिटावेच लागते. आता आपल्याकडील वळवाचा पाऊस आठवावा. वैशाखाच्या उत्तरार्धात बेळगावात किंवा गोव्यात दुपारभर पान हलत नाही. मग क्षितिजाशी काळोख दाटतो, धुळीचा एक लोट उठतो आणि काही क्षणांत सोसाट्याचा वारा झाडांच्या फांद्या मोडीत येतो. छताला सर्वांत अधिक उघडे ठेवण्याचा ऋतू आणि त्याला सर्वांत अधिक धोक्याचा ऋतू, हे आपल्या देशात एकच आहेत. मोटारीच्या छताला वारा ओळखून आपोआप मिटविणारे यंत्र जोडता येते. पण वादळात वीज गेली तर मोटार काय करणार? म्हणून मोटार असली तरी हाताने फिरविण्याची काठी जवळ असावी, आणि ती कोठे ठेवली आहे हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावे.

कापड, बाहू आणि रूळ यांच्या मागे शेवटी उभी असते ती भिंत. छताचा सारा भार दोनतीन ब्रॅकेटांतून भिंतीत उतरतो, आणि तो उतरताना वाढतो. पहारीने धोंडा उलथताना लांब टोकाशी थोडा जोर लावला तरी जवळच्या टोकाशी तो कितीतरी पटींनी वाढतो, तोच नियम येथे लागू होतो. बाहू, कापड व पुढची दांडी यांचे चाळीस किलो वजन भिंतीपासून सरासरी दीड मीटरवर आहे, आणि ब्रॅकेटचा वरचा बोल्ट त्याच्या खालच्या कडेपासून पंधरा सेंटिमीटर उंचीवर आहे, असे धरू. दीड मीटर हे पंधरा सेंटिमीटरच्या दसपट. तेव्हा वरच्या बोल्टांना उपटून काढू पाहणारा जोर चारशे किलोंचा होतो. त्यात मघाचे साठ किलो पाणी मिळविले, तर तो हजार किलोंवर जातो. पाण्याची एक घागर कापडावर साचली, तर तिच्या दसपट ओढ बोल्टांना सोसावी लागते.

यासाठी बोल्ट कोठे बसतो आहे हे पाहणे अगत्याचे असते. काँक्रीटच्या तुळईत बसविलेला बोल्ट विश्वासाचा. गोव्यात व कोकणात जांभ्या चिऱ्याच्या भिंती असतात. चिरा मऊ व सच्छिद्र असल्याने त्यात ठोकून बसविलेल्या बोल्टवर भिस्त ठेवता येत नाही. जुन्या वाड्यांच्या भिंतींत बाहेर विटा आणि आत माती असते. अशा ठिकाणी बोल्ट भिंतीतून आरपार काढावा आणि आतल्या बाजूस लोखंडी पट्टी देऊन नटाने आवळावा, म्हणजे ओढ भिंतीच्या मोठ्या भागावर वाटली जाते. गिलाव्याची जाडी ही भिंतीची जाडी नव्हे, हेही कारागिराने ध्यानात ठेवावयाचे असते. समुद्रकाठी खाऱ्या हवेने साधे लोखंड गंजते, म्हणून तेथे न गंजणाऱ्या पोलादाचे बोल्ट वापरावेत.

छत विकत घेणाऱ्याने आणखी एक मोजमाप आधी करावे. दोन्ही बाहू मिटल्यावर एका ओळीत मावले पाहिजेत. त्यामुळे सामान्य रचनेत छताची रुंदी ते जितके पुढे येते त्याहून अधिक असावी लागते. अरुंद दुकानापुढे फार लांब सावली हवी असेल, तर बाहू एकमेकांवर येतील अशी निराळी रचना मागवावी लागते. तेथे साध्या बाहूंत काटछाट करून चालत नाही.

रोजच्या वापरात ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी थोड्या आहेत. कापड रुळाच्या वरच्या अंगाने बाहेर यावे अशी रचना असेल आणि ते एके दिवशी खालच्या अंगाने येताना दिसले, तर छत पूर्ण उघडल्यावरही कोणी काठी फिरवीत राहिला व कापड उलटे गुंडाळले गेले असे समजावे. काठी विरुद्ध दिशेने फिरवून ते पूर्ववत करावे. एक बाहू दुसऱ्याच्या मागे राहू लागला, कोपरापाशी तारेचे धागे उसवलेले दिसले, किंवा उघडताना कटकट असा आवाज येऊ लागला, तर छत मिटवावे आणि जाणकारास बोलवावे. छत उघडताना वा मिटताना मुलांनी बाहूच्या कोपराशी हात नेऊ नये, कारण मिटणारे कोपर अडकित्त्यासारखे असते. वर्षातून एकदा, ऊन तापण्यापूर्वी, सारे बोल्ट तपासून घ्यावेत.

आणि मिटविण्याची वेळ चुकवू नये. वर सांगितलेले सारे हिशेब कारागिराने नीट केले, तरी ही एक गोष्ट मालकाच्याच हाती राहते. गिऱ्हाईक दुकानात आहे, थोडे थांबू, अशा विचाराने पाच मिनिटे गेली की वारा आलेला असतो, आणि वाऱ्यात फुगलेले छत मिटविणे सुरक्षित नसते. रोमच्या खलाशांना ही सवय समुद्राने लावली होती. शीड कधी उतरवावयाचे हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती गलबत देत नाहीत.

इंदूरच्या किंवा बडोद्याच्या त्या दुकानदाराकडे शेवटी पुन्हा पाहू या. पाच वाजले आहेत, ऊन अजून आहे, पण पश्चिमेला ढग जमू लागले आहेत आणि रस्त्यावरचा पाचोळा गोल फिरू लागला आहे. तो काठी उचलतो आणि छत मिटू लागतो. गिऱ्हाईक क्षणभर उन्हात उभे राहते आणि किंचित कुरकुरतेही. प्रत्येक फेऱ्यागणिक बाहूंतील स्प्रिंगा ताणल्या जातात आणि अखेर दांडी भिंतीला टेकते. छत आता निवांत दिसते. आत काय भरून ठेवले आहे हे मात्र त्या दुकानदाराला ठाऊक आहे. म्हणूनच उद्या कापडाची कड उसवलेली दिसली, तर तो आपल्या पोऱ्याला पाना देऊन शिडीवर चढविणार नाही. तो कारागिराला बोलावील, आणि कारागीर सर्वांत आधी बाहू बांधतो की नाही, हे खाली उभा राहून पाहील.